तिसऱ्या डिस्कची बातमी

वाईट बातमी घेऊन बेशेनालीला कुणाकडे पाठवायचं नाही, हे नारीन या डोंगराळ गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याला कारण घडलं होतं. तरुणपणी तो तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होता. एकदा वरच्या कुरणावरून एका मेंढपाळाचा फोन आला. लाइन जोडता जोडता बेशेनाली त्याला म्हणाला, "बरं झालं फोन केलास. तुझे वडील काल गेले. घरी जोडू की दवाखान्यात?"

अशी बातमी अशी द्यायची नसते. त्यासाठी आधी पांढऱ्या दाढीचा एखादा जाणता, म्हणजे अक्साकाल, बघतात. चार शेजारी बरोबर घेतात. चहा होतो. मग अक्साकाल एखाद्या घोड्याची नाहीतर ससाण्याची गोष्ट काढतो. ऐकणारा तिच्या मागोमाग एकेक पायरी उतरतो, आणि तळाशी पोचतो तेव्हा त्याला धरायला आठ हात तयार असतात. तोवर गावभर बभ्रा झालेला असला तरी ज्याची बातमी त्याच्यासमोर कुणी ब्र काढत नाही. त्या मेंढपाळाला धरायला कुरणावर कुत्र्याखेरीज कुणी नव्हतं. पुढे सहा वर्षं तो बेशेनालीशी बोलला नाही.

"तुझ्या तोंडाला दार बसवायचं राहूनच गेलं," असं त्याची बायको उर्पिया म्हणायची. चार वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा बेशेनालीने स्वतःच सगळ्या नातेवाइकांना फोन केले. "उर्पिया गेली. शुक्रवारी माती." एवढंच. सतरा फोन वीस मिनिटांत आटोपले. मग तो अंगणात जाऊन बसला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाशी बोलला नाही.

एक्स्चेंज बंद पडल्यावर तो आक-बुलाक रेडिओ केंद्रात लागला होता. तिथे जुन्या ध्वनिफितींची साडेसहा हजार रिळं होती. ती एकेक करून त्याने संगणकात उतरवली. या कामात अकरा वर्षं आणि डाव्या कानाची अर्धी ताकद गेली. पुढच्याच हिवाळ्यात तळघरातला नळ फुटला आणि मूळ रिळांचा लगदा झाला. तेव्हापासून नारीनचे सगळे जुने आवाज एका काळ्या डब्यातल्या चार डिस्कवर राहत होते, आणि बेशेनाली त्यांचा राखणदार होता.

केंद्राच्या कार्यालयात केंजेकान नावाची बाई टपाल, फोन आणि चहा सांभाळायची. तिने एकदा विचारलं, "बेशे बाइके, एवढ्या चार डिस्क कशाला? एक मोठी नाही का मिळत?" बाइके म्हणजे थोरला भाऊ. केंद्रात तो सगळ्यांचाच बाइके होता.

"तुझ्या पोराला सात पिढ्यांची नावं पाठ आहेत का?"

"आहेत की. पाचव्या आजोबाला अडखळतो."

"मग काय करतेस?"

"मी कशाला करू? बसलेली चुलत भावंडं सांगतात. मग मी त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेते."

"आणि तरी नाही म्हणता आलं तर?"

"तर उठवते त्याला तिथून. अब्रूचा प्रश्न आहे."

"बस्स. हा डबा तेच करतो. चौघांकडे थोडं थोडं लिहिलेलं, आणि त्यातच बाकीच्यांची एक खूण मिसळलेली. एखादा एका जागी अडखळला की उरलेल्या तिघांवरून हिशेब काढून त्याचा शब्द काढायचा, त्याला तो तिथेच परत लिहायला लावायचा आणि पुन्हा वाचून घ्यायचा. जमलं तर कुणाला काही सांगायचं नाही. वहीत एक रेघ मारायची. लिहिताच आलं नाही तर त्याला घराबाहेर काढायचं आणि तिघांवर संसार चालवायचा."

"आणि दोघं एकाच जागी अडखळले तर?"

"तर कुणाचा बाप कोण ते देवालाच ठाऊक."

ती वही तो दर सोमवारी चहाबरोबर वाचायचा. महिन्यातून एकदा डबा स्वतःच पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत उजळणी करायचा, म्हणजे कोण कुठे अडखळतो ते गरज पडायच्या आधीच कळायचं. शिवाय दुसऱ्या इमारतीत दुसरी प्रत हवी, असा अर्ज बेशेनाली दर वर्षी संचालक ताश्तानबेककडे द्यायचा. "चार भाऊ एकाच घरात झोपतात. घर पेटलं तर?" ताश्तानबेक सही करायचा आणि म्हणायचा, "चार आहेत ना? माझ्याकडे तर भाऊ एकच आहे, तोही बोलत नाही."

या सगळ्या आवाजांना गिऱ्हाईक फारसं नव्हतं. एक मात्र ठरलेलं होतं. मार्चमधल्या नूरुजच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, अतबाशीकडून येणाऱ्या गाडीने झूराकान एजे यायची. सदुसष्ट वर्षांची, सडपातळ, अंगात तिच्या मापाच्या दुप्पट असलेला पुरुषी मेंढीच्या कातड्याचा कोट. ती बेशेनालीहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून एजे, ताई. तिचा धाकटा भाऊ एसेनकुल अफगाणिस्तानात लढायला गेला आणि जस्ताच्या शवपेटीत परत आला. पेटी उघडायची परवानगी नव्हती. त्याचा एकच आवाज उरला होता, तोही लोकर कापणीवरच्या एका कार्यक्रमात, तीन मिनिटं अकरा सेकंद. त्यात एसेनकुल सांगतो की या हंगामात त्याने एकशे बारा मेंढ्या भादरल्या. मग खोकतो. मग निवेदक विचारतो, घरी काही निरोप? तो म्हणतो, "आईला सलाम. एजे, माझा कोट कुणाला देऊ नकोस, थंडीपर्यंत येतो." पुढे लोकरीच्या प्रतींबद्दल कुणी अधिकारी बोलतो. झूराकान तो अधिकारीही शेवटपर्यंत ऐकायची, चहा प्यायची आणि दोनच्या गाडीने परत जायची.

"प्रत करून देतो ना, एजे," बेशेनाली दर वर्षी म्हणायचा. "फोनवर घाला, रोज ऐका."

"म्हणूनच नको. रोज ऐकलेलं माणूस ऐकत नाही. मी माझ्या नवऱ्याला बत्तीस वर्षं रोज ऐकलं, एक वाक्य सांगता येणार नाही."

यंदा जानेवारीच्या शेवटी बेशेनालीच्या डोळ्याचा पडदा सुटला. राजधानीत, बिश्केकला, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा भरला आणि बजावलं, पालथं पडून राहायचं, पडद्यावर काही बघायचं नाही, आणि बुडबुडा जिरेपर्यंत घाट चढायचा नाही. नारीनला जायचं तर घाटाशिवाय वाट नाही. म्हणून तो लेकीकडे, बुरूलकडे, महिनाभर पालथा पडून गालिच्यावरची नक्षी मोजत राहिला. डॉक्टर जाता जाता असंही म्हणाले होते, की रुग्णाला मनाला लागेल असं काही सांगू नका. हे वाक्य ते सगळ्यांनाच म्हणत असावेत. नारीनच्या माणसांपुढे मात्र ते जपून बोलायला हवं होतं.

सात फेब्रुवारीला डब्याने तिसऱ्या डिस्कला घराबाहेर काढलं आणि तशी चिठ्ठी केंजेकानच्या संगणकावर पाठवली. चिठ्ठी आली की मला त्याच मिनिटाला फोन कर, असं बेशेनालीने तिला पढवून ठेवलं होतं. तिने केला. फोन बुरूलने उचलला.

"ताई, बाबांना आत्ता काही वाईट सांगू नका हं."

केंजेकान संचालकांकडे गेली. संचालकांनी विचार केला. तीन डिस्कवर डबा चालू होता, सगळे आवाज ऐकू येत होते, मग घाई कशाची? आणि बातमी तर द्यायलाच हवी, पण रीतीने. बेशेनाली परत आला की कासिमाली अक्साकालांना बोलावू, ते सांगतील. नव्वदीला टेकलेले कासिमाली या कामातले नाणावलेले होते. ताश्तानबेकच्या आजोबांची बातमीही त्यांनीच दिली होती, आणि ती इतकी सुरेख होती म्हणे की आजी रडायच्या आधी वाहवा म्हणाली.

बेशेनाली एक मार्चला परतला. केंद्राचं दार उघडून आत पाऊल टाकतो तर समोर टेबल मांडलेलं. बोरसोकच्या तळलेल्या घाऱ्यांचा ढीग, तीन तऱ्हेचे मुरंबे, वाफाळता चहा, भिंतीला टेकून सात माणसं आणि मधोमध कासिमाली अक्साकाल. बुरूलला तो त्याच सकाळी सोडून आला होता. घाटातून येताना तीन तास फोन लागत नव्हता. तीन तासांत काहीही होतं.

"ये बाळा, बैस," कासिमाली म्हणाले. "एका माणसाचे चार घोडे होते."

"अक्साकाल, कोण गेलं?"

"ऐक तर. चारही एका गाडीला जुंपलेले. एक दिवस मालक परगावी गेला."

"बुरूल?"

"छे छे. मालक परगावी गेला, आणि तिसरा घोडा..."

"माझा भाऊ? साबिर?"

"अरे साबिर कशाला जातोय, काल माझी करवत घेऊन गेलाय, आणलीही नाही अजून. तर तिसरा घोडा..."

केंजेकानला राहवेना. तिने पदराच्या जागी रुमाल तोंडाला लावला आणि हुंदका फुटला. "बाइके, तिसरी डिस्क गेली हो!"

बेशेनालीने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. "देवा, तुझे उपकार," तो म्हणाला, खाली बसला, एक बोरसोक उचलून तोंडात टाकला आणि शांतपणे चावू लागला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्याचा जबडा थांबला.

"कधी?"

"सात फेब्रुवारीला."

"म्हणजे बावीस दिवस."

कासिमाली दुखावलेले दिसले. "माझी गोष्ट अर्धी राहिली," ते म्हणाले.

"पुढे काय होतं घोड्यांचं?"

"उरलेले तिघं गाडी घरी आणतात."

"तुमच्या तोंडात साखर पडो," बेशेनाली म्हणाला आणि डब्याकडे गेला.

ताश्तानबेकने नवी डिस्क आणूनच ठेवली होती. "बसव की लगेच. चौथा भाऊ आला म्हणजे झालं."

"नवीन बसवली की उरलेल्या तिघांना सगळं आरंभापासून शेवटपर्यंत म्हणावं लागेल. त्यातला एक जरी अडखळला तर शब्द सांगायला आता कुणी नाही. आणि नोव्हेंबरपासून त्यांची उजळणी झालेली नाही."

"का नाही झाली?"

"वीजकपात होती म्हणून मी बंद केली. परत चालू करायची विसरलो."

त्याने हे अशा आवाजात सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाची चहाडी करत होता. ज्यांनी बावीस दिवस बातमी दाबून ठेवली होती त्यांना निदान लाजता तरी येत होतं, एकमेकांकडे बघता येत होतं. बेशेनालीची चूक एकट्याची होती. नूरुजला वीस दिवस उरले होते, आणि त्याच्या डोळ्यांसमोर मेंढीच्या कातड्याचा कोट होता.

त्याने डबा बंद केला. चारही डिस्कवर रंगाने आकडे घातले, कारण भावांचा क्रम चुकला तर सगळ्या घराण्याची खिचडी होते. मग बिश्केकहून आणखी डिस्क मागवल्या आणि एकेका जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायला घेतली. दुरुस्ती करायची ती नकलेवर, अस्सलवर हात चालवायचा नाही, हे तो एक्स्चेंजमध्ये शिकला होता. नक्कल करणारा प्रोग्राम हुशार होता. जिथे अडेल ती जागा सोडून पुढे जायचा, सगळं सोपं आधी आटपायचा, मग अवघड जागांकडे उलट्या दिशेने, घास लहान करून परत यायचा. पहिली आणि चौथी डिस्क घडाघडा म्हणून मोकळ्या झाल्या. दुसरीत तेवीस जागा अशा निघाल्या की ती काही केल्या तोंड उघडेना. नवी डिस्क त्या दिवशी घाईने बसवली असती, तर डबा यातल्या पहिल्याच जागेवर हात टेकून बसला असता.

राहिली तिसरी, घराबाहेर काढलेली. ती मेली नव्हतीच. घरगुती वापराची स्वस्त डिस्क होती, आणि तिला एक खोड होती: एखादी जागा वाचता आली नाही तर "नाही जमत" असं सरळ सांगायच्या ऐवजी ती दोन दोन मिनिटं त्याच जागी प्रयत्न करत राहायची. डबा तीस सेकंद वाट बघतो. तेवढ्यात ना हो ना नाही, म्हणून त्याने हाका मारल्या, उत्तर नाही, म्हणून तिला मेली समजून बाहेर काढलं. बेशेनाली तिच्याकडे बघत पुटपुटला, "तूही नारीनचीच." वाईट बातमी सांगायला लाजणाऱ्या डिस्कचा त्याला पहिल्यांदा राग आला आणि मग तोही गेला.

महिनाभर तो नव्हता, म्हणून त्या काळात डब्यात नवीन काही लिहिलंच गेलं नव्हतं. म्हणजे तिसरीला जे आठवत होतं ते शिळं असलं तरी खरं होतं. त्याने तिला खिडकीशी, थंड वाऱ्यावर ठेवलं आणि न रागावता नऊ दिवस वाचून घेतलं. मग दुसरीच्या तेवीस जागा घेऊन पहिली, तिसरी आणि चौथीवरून एकेकीचा हिशेब काढला. बावीस निघाल्या. तेविसावी जागा तिसरीलाही वाचता आली नव्हती. दोघं भाऊ नेमके एकाच शब्दाला अडखळले होते.

ती जागा कुठल्या ध्वनिफितीत आहे ते शोधायला एक दुपार लागली. उत्तर आलं तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. दुष्काळात तेरावा महिना यायचा तर तो असाच येतो. लोकर कापणी, दोन मिनिटं चार सेकंदांपासून अर्धा सेकंद. "आईला सलाम." मग काहीच नाही. मग, "माझा कोट कुणाला देऊ नकोस." मधला "एजे" गेला होता.

"कासिमालींना सांगू का यायला?" केंजेकानने हळूच विचारलं.

"नको," बेशेनाली म्हणाला. "मी सांगेन."

केंजेकान घाबरली. तिने त्या दिवशी टेबलावर जरा जास्तच मांडलं.

नूरुजच्या दुसऱ्या दिवशी अकराला झूराकान आली. दारातच थांबून तिने टेबलाकडे पाहिलं. तीन मुरंबे होते. बेशेनालीने तिच्यासाठी चहा ओतूनही ठेवला होता, आजवर कधी ओतला नव्हता.

"कोण गेलं?" ती म्हणाली.

"बसा, एजे. एका माणसाचे..." त्याने रात्री घोडे घोकून ठेवले होते. चारातला पहिलाही आठवेना. त्याने मान खाली घातली. "अर्धा सेकंद गेला, एजे. तुमच्या एसेनकुलचा. माझ्या चुकीने गेला. उजळणी घ्यायची ती मी बंद ठेवली."

"कुठला अर्धा?"

"तुम्हाला हाक मारतो तो."

झूराकान बसली. कोटाचं एक बटण सोडलं. चहाचा एक घोट घेतला, मग दुसरा. केंजेकान तिला धरायला म्हणून मागे येऊन उभी राहिली होती, पुढे केलेल्या हातांचं काय करावं ते तिला कळेना.

"लाव," झूराकान म्हणाली.

त्याने लावलं. एसेनकुलने एकशे बारा मेंढ्या भादरल्या. खोकला. निवेदकाने विचारलं. "आईला सलाम," तो म्हणाला, आणि आवाज तुटला.

"एजे," झूराकान म्हणाली.

नेमक्या जागी, ना उशिरा ना लवकर. शब्द जरा तुटक, एकोणीस वर्षांच्या पोराला घाई असते तसा. तिने मुद्दाम म्हटला असंही दिसलं नाही, ती चहाच्या पेल्याकडे बघत होती. "माझा कोट कुणाला देऊ नकोस, थंडीपर्यंत येतो," एसेनकुल म्हणाला. बेशेनालीचा शिवलेला डोळा झोंबायला लागला. मनाला लागेल असं काही नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं ते हेच.

लोकरीवाला अधिकारीही तिने नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत ऐकला.

"प्रत करून दे," झूराकान म्हणाली.

"तुम्हीच दर वर्षी नको म्हणायचात."

"म्हणायचे. पण तुझ्या या चार भावांचं काही खरं नाही. एक बहीण परगावी दिलेली बरी असते, घर बुडालं तरी तिच्याकडे काहीतरी असतं."

बेशेनालीने प्रत करून दिली. देताना म्हणाला, "एजे, त्या जागी आता शांतता आहे. तुम्ही म्हणालात तसं परत माइकपुढे म्हणा, मी बसवून देतो. कळणारही नाही कुणाला."

झूराकानने पेनड्राइव्ह रुमालाच्या टोकाला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"नको. तेवढी राहू दे मोकळी. तिथे मी म्हणेन."

मग कोटाचं बटण लावून ती दोनच्या गाडीसाठी निघाली.